ऐकणं आणि तोल एकाच प्रथिनांवर चालतात, मग बिघाड वेगवेगळा का होतो?

विचारलेला प्रश्न असा आहे: मुलीला जन्मापासून ऐकू येत नाही. जनुकीय अहवालात टीएमसी-१ या जनुकाच्या दोन्ही प्रतींत दोष सापडला आहे. ऐकणं आणि शरीराचा तोल ही दोन्ही कामं कानातली तीच प्रथिनं करतात, असं पालकांच्या वाचनात आलं. पण मुलगी वेळेवर बसली, वेळेवर चालली, आता धावतेही. उलट त्यांच्या ओळखीतल्या एका मुलाच्या अहवालात पीसीडीएच-१५ हे नाव आहे आणि तो दोन वर्षांचा होत आला तरी आधाराशिवाय उभा राहत नाही. प्रथिनं एकच असतील तर हा फरक कुठून आला, आणि मुलीचं पुढे आणखी काही बिघडेल का?

आधी थेट उत्तर देते. दोन्ही इंद्रियांतली मूळ यंत्रणा खरोखरच एक आहे. पण तिच्यातल्या काही प्रथिनांना तोलाच्या अवयवात बदली प्रथिन उपलब्ध असतं, काहींना नसतं. टीएमसी-१ ला बदली आहे, पीसीडीएच-१५ ला नाही. शिवाय एकाच जनुकातला दोष प्रथिनाच्या कोणत्या भागात पडला आहे, यावरही बरंच काही ठरतं. मी आंतरकर्णाच्या आनुवंशिक आजारांवर बरीच वर्षं काम करते आहे. पालकांना या प्रथिनांची रचना नीट समजली की अहवालातला कोणता शब्द घाबरण्यासारखा आहे आणि कोणता नाही हे त्यांचं त्यांना कळू लागतं, असा माझा अनुभव आहे. म्हणून जरा खोलात जाते.

आंतरकर्णात शंखासारखा वेटोळा कॉक्लिया ऐकण्याचं काम करतो. त्याला लागूनच तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि युट्रिकल, सॅक्युल नावाच्या दोन पिशव्या आहेत. नलिकांना डोकं वळल्याचं कळतं, पिशव्यांना गुरुत्वाकर्षण आणि सरळ रेषेत वेगात झालेला बदल. या सगळ्यांत संवेदनेचं काम एकाच प्रकारच्या पेशी करतात, त्यांना हेअर सेल म्हणतात. केसांशी त्यांचा संबंध फक्त दिसण्यापुरता. पेशीच्या माथ्यावर अ‍ॅक्टिन प्रथिनाने भरलेले ताठ, सूक्ष्म दांडे उंचीच्या चढत्या क्रमाने रांगांत उभे असतात. हे स्टिरिओसिलिया. आवाजाने किंवा डोक्याच्या हालचालीने द्रव हलला की हा जुडगा एका बाजूला झुकतो आणि पेशीत विद्युतप्रवाह सुरू होतो. अगदी हळू आवाजाला ही हालचाल नॅनोमीटरपेक्षाही कमी असते. माणसाच्या एका कॉक्लियात अशा आतल्या पेशी सुमारे ३,५०० आणि बाहेरच्या सुमारे १२,००० असतात. त्या मेल्या तर पुन्हा तयार होत नाहीत.

झुकण्याचं रूपांतर विजेत कसं होतं, हा प्रश्न अनेक दशकं अडून राहिला होता. डोळ्यात प्रकाशाचा संकेत रासायनिक साखळीतून जातो, त्याला कित्येक मिलिसेकंद लागतात. कानात एवढा वेळच नाही, कारण आवाजाची कंपनं सेकंदाला हजारोंनी येतात. जेम्स हडस्पेथ आणि डेव्हिड कोरी यांनी १९७९ पासूनच्या प्रयोगांत दाखवलं की झुकल्यापासून आयनमार्ग, म्हणजे विद्युतभारित कणांना (आयनांना) पेशीत सोडणारं दार, उघडेपर्यंत फक्त काही मायक्रोसेकंद जातात. म्हणजे मधे रसायन नसणारच, मार्गाचं दार थेट ओढूनच उघडलं जात असणार. मग ओढतं कोण? १९८४ मध्ये पिकल्स, कोमिस आणि ऑस्बोर्न यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात एक बारीक धागा दिसला. तो आखूड दांड्याच्या टोकापासून शेजारच्या उंच दांड्याच्या बाजूपर्यंत तिरका ताणलेला होता. त्याची लांबी साधारण १५० ते १८० नॅनोमीटर. त्याला टिप लिंक म्हणतात. जुडगा उंच बाजूकडे झुकला की हा धागा ताणतो, विरुद्ध बाजूला झुकला की सैलावतो. कॉक्लियात आणि तोलाच्या अवयवात हा धागा सारखाच आहे.

आता पीसीडीएच-१५ कडे येऊ. टिप लिंक दोन प्रथिनांची बनलेली आहे, हे २००७ मध्ये स्पष्ट झालं. वरचा लांब भाग कॅडहेरिन-२३ चा आणि खालचा आखूड भाग प्रोटोकॅडहेरिन-१५ चा, म्हणजेच अहवालातल्या पीसीडीएच-१५ जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनाचा. दोन्ही प्रथिनं एकसारख्या घटकांच्या लांब माळेसारखी आहेत. प्रत्येक घटक सुमारे १०० अमिनो आम्लांचा. कॅडहेरिन-२३ मध्ये पेशीबाहेर असे २७ घटक आहेत, प्रोटोकॅडहेरिन-१५ मध्ये ११. दोन्ही प्रथिनं जोडीजोडीने असतात, त्यामुळे एका धाग्यात एकूण चार साखळ्या येतात.

दोघांची गाठ कुठे पडते ते २०१२ मध्ये स्फटिकांवर क्ष-किरण टाकून दिसलं. मार्कोस सोतोमायोर, रॅशेल गोडे, डेव्हिड कोरी आणि सहकाऱ्यांचं हे काम. दोन माणसांनी एकमेकांचं मनगट धरावं तशी दोन्ही प्रथिनांची टोकाकडची पहिली दोन-दोन घटकं एकमेकांवर उलट दिशेने आडवी बसतात. नुसती टोकाला टोक लागलेली नसतात, त्यामुळे ओढ बसली तरी पकड टिकते. आणि अशा दोन पकडी शेजारी-शेजारी असल्याने एक सुटली तरी दुसरी धरून ठेवते, तेवढ्यात सुटलेली पुन्हा जुळते. या पकडीच्या आतच प्रोटोकॅडहेरिन-१५ च्या १०८ क्रमांकाच्या जागेवर आयसोल्युसिन हे तेलकट स्वभावाचं अमिनो आम्ल असतं. काही कुटुंबांत तिथे पाण्याशी जवळीक असलेलं अ‍ॅस्पॅरॅजिन आलेलं आढळतं. बाकी प्रथिन जवळजवळ जसंच्या तसं, पण पकड कमकुवत होते आणि बहिरेपण येतं. हजाराहून जास्त अमिनो आम्लांच्या साखळीत एक बदल, आणि तो अशा जागी.

घटकांना ताठ ठेवण्याचं काम कॅल्शियम करतं. लागोपाठच्या दोन घटकांच्या सांध्यात साधारणपणे तीन कॅल्शियम आयन बसतात. ते काढून घेतले तर सांधे लुळे पडतात आणि धागा तुटतो. प्रयोगशाळेत कॅल्शियम शोषणारं रसायन घातल्यावर टिप लिंक नाहीशी होते, पेशीचा प्रतिसाद थांबतो आणि रसायन काढून टाकल्यावर साधारण दिवसभरात धागे पुन्हा उभे राहतात. माझ्या दृष्टीने हा या क्षेत्रातला फार मोलाचा निष्कर्ष आहे. धागा कायमचा जोडलेला नाही, तो तुटतो आणि पुन्हा जुळतो, हे त्यातून कळतं.

इथे एक बारकावा आहे. कॉक्लियातल्या ज्या द्रवात हे धागे डुंबलेले असतात त्यात कॅल्शियम अतिशय कमी असतं, सुमारे २० मायक्रोमोलर. रक्तातलं मोकळं कॅल्शियम याच्या पन्नासेक पट असतं. तोलाच्या अवयवातल्या द्रवात ते कॉक्लियापेक्षा बरंच जास्त असतं. कॅडहेरिन-२३ मधल्या काही दोषांत कॅल्शियम धरणारं अ‍ॅस्पार्टिक आम्ल जाऊन ग्लायसिन येतं. प्रथिनाचा आकार टिकतो, पण कॅल्शियमवरची पकड ढिली होते. अशा कुटुंबांत बहिरेपण असतं, पण तोल आणि नजर शाबूत राहते. कॅल्शियमची चणचण कॉक्लियातच जास्त असल्यामुळे तिथला धागा आधी हार मानतो, हे त्याचं एक कारण असावं असं अनेक अभ्यासक मानतात, आणि मलाही ते पटतं.

पण त्याच कॅडहेरिन-२३ किंवा प्रोटोकॅडहेरिन-१५ ची साखळी जनुकातल्या दोषामुळे मध्येच तुटली, म्हणजे प्रथिन तयारच झालं नाही, तर दोन्हीकडे टिप लिंक नसते. तिची जागा घेणारं दुसरं प्रथिन ना कॉक्लियात आहे, ना तोलाच्या अवयवात. मूल जन्मतः पूर्ण बहिरं असतं, मान उशिरा धरतं, १८ महिन्यांनंतर चालतं. डोळ्याच्या पडद्यातल्या प्रकाशपेशींनाही ही प्रथिनं लागतात, म्हणून पुढे रातांधळेपणा येतो आणि नजरेचं क्षेत्र आकसत जातं. याला अशर सिंड्रोम प्रकार १ म्हणतात. धाग्याचं वरचं टोक दांड्याच्या आत धरून ठेवणारी हार्मोनिन, सॅन्स आणि मायोसिन-७ए ही प्रथिनं बिघडली तरी हेच चित्र दिसतं. तुमच्या ओळखीतल्या मुलाचं उशिरा उभं राहणं या चित्रात बसतं. त्याच्या पालकांना एक गोष्ट जरूर सांगा: नेत्रपटलाची तपासणी आत्ताच करून घ्या आणि दरवर्षी करत राहा, मुलाला नीट दिसतंय असं वाटत असलं तरी.

आता टीएमसी-१. टिप लिंकच्या खालच्या टोकाशी आयनमार्ग असतो, आणि तो बनवणारं प्रथिन म्हणजे टीएमसी-१. त्याचा बहिरेपणाशी संबंध २००२ मध्येच कळला होता, पण हाच तो मार्ग आहे हे सिद्ध व्हायला जवळजवळ आणखी दोन दशकं गेली. मोठी अडचण अशी की आंतरकर्णात हे प्रथिन अत्यल्प असतं. यकृत किंवा मेंदू यांच्यासारखं किलोने ऊतक मिळत नाही. आणि प्रयोगशाळेत वाढवलेल्या दुसऱ्या पेशींत ते बनवायला गेलं तर ते पेशीच्या आवरणापर्यंत पोहोचतच नाही. शेवटी एरिक गुओ यांच्या गटाने कान नसलेल्या एका कृमीचा आधार घेतला. सीनोरॅब्डायटिस एलिगन्स या एक मिलिमीटर लांबीच्या कृमीतही टीएमसी-१ असतं. त्याला खूण लावून, सुमारे सहा कोटी कृमी वाढवून त्यांनी पुरेसं प्रथिन गोळा केलं आणि क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीने, म्हणजे प्रथिन अतिथंड गोठवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली, त्याची रचना पाहिली. हे काम २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं. एवढ्या चिकाटीचं काम मी या क्षेत्रात क्वचितच पाहिलं आहे.

त्यात असं दिसलं की मार्ग दोन टीएमसी-१ च्या जोडीने बनतो. प्रत्येक साखळी आवरणातून १० वेळा आरपार जाते आणि आयनांसाठी प्रत्येकीची स्वतःची वाट असते. दोन्ही बाजूंना टीएमआयई नावाचं छोटं प्रथिन असतं, आणि आतल्या अंगाला कॅल्शियम धरणारं, माणसातल्या सीआयबी-२ शी नातं असलेलं प्रथिन आडवं चिकटलेलं असतं. सगळं पाहिलं तर आवरणाशी समांतर पसरलेला रुंद आकार दिसतो. टिप लिंकही दुहेरी, मार्गही दुहेरी, हा मेळ सहज जमून येतो. सस्तन प्राण्यांत एलएचएफपीएल-५ हे आणखी एक प्रथिन प्रोटोकॅडहेरिन-१५ च्या बुंध्याला बिलगून असतं. धाग्याची ओढ मार्गापर्यंत पोचवण्यात त्याचा वाटा आहे.

मुलीचा तोल शाबूत का, याचं उत्तर इथे आहे. टीएमसी-१ चं सख्खं भावंड म्हणजे टीएमसी-२. उंदराच्या पिल्लाच्या कॉक्लियात जन्मानंतरचे काही दिवस दोन्ही असतात, मग टीएमसी-२ ओसरतं आणि सगळा भार टीएमसी-१ वर येतो. तोलाच्या अवयवात मात्र दोन्ही आयुष्यभर राहतात. २०११ मध्ये उंदरांवरच्या कामात हे नेमकं दिसलं: फक्त टीएमसी-१ काढलं तर उंदीर बहिरा होतो पण तोल सांभाळतो, दोन्ही काढली तर बहिराही होतो आणि गोल गोल फिरत राहतो. सीआयबी-२ ची कथाही अशीच आहे, तोलाच्या अवयवात त्याची जागा सीआयबी-३ घेऊ शकतं. म्हणून टीएमसी-१ च्या दोषाने आलेलं बहिरेपण सहसा कानापुरतंच राहतं. डोळ्यांवर त्याचा परिणाम होत नाही. तोल पुढे जाऊन ढासळेल अशी भीती बाळगायचं कारण नाही.

टीएमसी-१ मध्येही जागेला महत्त्व आहे. दोन्ही प्रती निकामी असतील तर बहिरेपण जन्मतः आणि खोल असतं. पण आयनांच्या वाटेच्या कडेला, माणसात ४१८ क्रमांकाच्या जागी, मेथिओनिन जाऊन धनभार असलेलं लायसिन आलं तर एक प्रत बिघडलेली असूनही माणूस ऐकतच जन्माला येतो आणि पुढे हळूहळू त्याचं ऐकणं कमी होत जातं. असाच बदल असलेल्या उंदराच्या जातीला बीथोव्हेन असं नाव दिलं आहे. तिच्यात हा मार्ग कॅल्शियम नेहमीपेक्षा कमी आत सोडतो आणि पेशी काही आठवड्यांत मरू लागतात. एकाच जनुकाचं नाव असलेले दोन अहवाल, आणि कुटुंबांचं भविष्य वेगळं.

या मार्गाची आणखी एक बाजू प्रत्येक पालकाला माहीत हवी. त्याची वाट बऱ्यापैकी रुंद आणि ऋणभाराकडे झुकलेली आहे. जेंटामायसिन, अमिकासिन, स्ट्रेप्टोमायसिन ही प्रतिजैविकं धनभारित आहेत, ती याच वाटेने हेअर सेलमध्ये शिरतात आणि तिला मारतात. अमिकासिनचा फटका मुख्यतः ऐकण्याला, जेंटामायसिन आणि स्ट्रेप्टोमायसिनचा मुख्यतः तोलाला. हे औषध जीव वाचवण्यासाठी द्यावं लागलं तर द्यावंच, पण जनुकीय तपासणीत मायटोकॉन्ड्रियातला (पेशीच्या ऊर्जाकेंद्रातला, फक्त आईकडून येणारा) १५५५ क्रमांकाचा बदल आला असेल तर ते टाळलं पाहिजे आणि तशी नोंद आईकडच्या सगळ्या नातेवाइकांना द्यावी.

मार्ग उघडल्यावर पोटॅशियम आत धावतं, कारण कॉक्लियातल्या द्रवात ते भरपूर असतं आणि तो द्रव सुमारे ८० मिलिव्होल्ट धनभारित ठेवलेला असतो. तोलाच्या अवयवात हा जास्तीचा विद्युतदाब जवळजवळ नाही. जन्मजात बहिरेपणाचं अनेक देशांत सर्वांत जास्त आढळणारं कारण म्हणजे कनेक्सिन-२६ या प्रथिनातला दोष, आणि ते बिघडलं तरी तोल बहुधा शाबूत राहतो. पोटॅशियमची देवाणघेवाण करणाऱ्या शेजारच्या पेशींना हे प्रथिन जोडतं. सहा कनेक्सिन मिळून अर्धी नळी बनते, दोन पेशींच्या दोन अर्ध्या मिळून पूर्ण. ही रचना २००९ पासून माहीत आहे. ते नसलं तर कॉक्लियाचा धनभार उभा राहत नाही. तोलाच्या अवयवाला त्या धनभाराची गरजच नसते.

बाहेरच्या हेअर सेलमध्ये प्रेस्टिन हे प्रथिन व्होल्टेज बदललं की आडवं फुगतं आणि आक्रसतं. त्यामुळे पेशी लांब-आखूड होते आणि हळू आवाज वाढवला जातो. २०२१ मध्ये त्याचीही रचना दिसली: जोडी, प्रत्येकी १४ वेळा आवरणापार, मध्ये क्लोराइडची जागा. अ‍ॅस्पिरिनच्या मोठ्या मात्रेने कानात आवाज येतो आणि ऐकणं तात्पुरतं मंदावतं, कारण अ‍ॅस्पिरिनपासून शरीरात बनणारं सॅलिसिलेट या क्लोराइडच्या जागेवर ठाण मांडतं. तोलाच्या अवयवात असं वर्धन नाही, तेव्हा हा फक्त कानाचा मामला.

ओटोफर्लिन या प्रथिनाबद्दल मात्र थांबून सांगायला हवं. टिप लिंक ताणली, मार्ग उघडला, पेशी उद्दीपित झाली, तरी तो संदेश मज्जातंतूकडे सोडण्यासाठी ओटोफर्लिन लागतं. ते नसेल तर बाहेरच्या हेअर सेल उत्तम चालतात आणि नवजात बाळाची ओएई नावाची चाचणी (बाहेरच्या हेअर सेलमुळे कानातून परत येणारा बारीक आवाज मोजणारी) "पास" येते, पण बाळाला ऐकू येत नाही. फक्त ओएईवर विसंबून राहिलं तर ही मुलं सुटतात. ती एबीआर चाचणीत, म्हणजे आवाजाचा संदेश श्रवणतंतूतून मेंदूकडे पोचतो का हे मोजणाऱ्या चाचणीत, सापडतात. काही दोषांत प्रथिन तापमानाला नाजूक असतं: ताप आला की मुलाचं ऐकणं जातं, उतरला की परत येतं. पालक असं सांगत असतील तर ते हसण्यावारी नेऊ नये.

ओटोफर्लिनच्या जनुकासाठी उपचाराचं दार आता उघडलं आहे. वाहक म्हणून वापरल्या जाणाऱ्या एएव्ही विषाणूत डीएनएची सुमारे ४,७०० अक्षरं मावतात, ओटोफर्लिनला सुमारे ६,००० लागतात. म्हणून जनुक दोन तुकड्यांत दोन विषाणूंमधून पाठवलं जातं आणि ते पेशीत जोडलं जातं. शांघायच्या फुदान विद्यापीठातल्या गटाने २०२४ च्या सुरुवातीला सहा मुलांचे निकाल प्रसिद्ध केले, त्यांतल्या पाच जणांचं ऐकणं सुधारलं. प्रोटोकॅडहेरिन-१५ तर अशा एका वाहकात मावतच नाही, पण रचना माहीत असल्यामुळे कोणते घटक वगळले तरी धागा उभा राहील हे ठरवता आलं. असं आखूड केलेलं प्रथिन २०२३ मध्ये उंदरांत वापरलं, आणि त्यांना ऐकू येऊ लागलं. टीएमसी-१ चं जनुक लहान आहे, सुमारे २,३०० अक्षरांचं, एका वाहकात आरामात मावतं. उंदरांत ते यशस्वी झालं आहे, तेही अगदी लहान वयात दिलं तर.

तुमच्या मुलीसाठी त्याची वाट पाहत बसू नका. तिचा श्रवणतंतू या दोषात सहसा चांगला असतो आणि कॉक्लियर इम्प्लांट थेट त्या तंतूला संदेश देतं, बिघडलेला टीएमसी-१ मार्ग वगळून. भाषा शिकण्याची वर्षं आत्ताची आहेत. एका कानात इम्प्लांट आणि दुसरा पुढच्या उपचारासाठी राखून ठेवावा का, असं पालक हल्ली विचारतात. तोल उत्तम असेल आणि दोन्ही कानांना इम्प्लांट मिळणं शक्य असेल तर मी दोन्हींच्या बाजूने असते. दुसरा कान राखून ठेवण्याची किंमत मुलीला आजच मोजावी लागते, आणि माणसांसाठी टीएमसी-१ चा उपचार कधी येईल याची तारीख कोणाकडेही नाही. शस्त्रक्रियेआधी तोलाची एक चाचणी मात्र करून घ्या, म्हणजे नंतर तुलना करायला नोंद राहील.